पुस्तकातला डबा

परदेशचा पाहुणा घरी आला, की आपण मुंबईकर त्याला तीन गोष्टी हटकून सांगतो : लोकलची गर्दी, पावसाळ्यात तुंबणारे पाणी आणि डबेवाले. पहिल्या दोन गोष्टी सांगताना आपला सूर तक्रारीचा असतो. डबेवाल्यांवर आलो, की मात्र छाती एकदम पुढे येते. जणू काही चाळीस डब्यांची लाकडी पाटी डोक्यावर घेऊन रोज सकाळी आपणच प्लॅटफॉर्मवर उभे असतो! "साठ लाख डब्यांत एक चूक," आपण सांगतो, "आणि गंमत म्हणजे ही माणसे फारशी शिकलेलीसुद्धा नाहीत, बरे का!" पाहुणा भुवया उंचावतो. आपण कृतार्थ होतो.

त्या 'गंमत म्हणजे'पाशी मी गेली कित्येक वर्षे अडखळते आहे.

ह्या विषयाशी माझा संबंध दोन अंगांनी आला. १९७४ पासून २००८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, मी आमच्या ह्यांचा डबा भरला. आणि निवृत्त होईपर्यंत एका कॉलेजात आधी वाणिज्य आणि पुढे पुढे व्यवस्थापन शिकवले. सकाळी ज्या डब्याला झाकण लावले, त्याच्यावरच संध्याकाळी व्याख्यान द्यायचे, असा योग फार थोड्या प्राध्यापकांच्या नशिबी आला असेल. तेव्हा दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी मानते.

आधी त्या आकड्याची हकीकत सांगते, कारण ती मोठी मजेची आहे. १९९८ साली 'फोर्ब्स' ह्या अमेरिकन नियतकालिकात डबेवाल्यांवर एक लेख आला. लेखकाने संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांना विचारले होते, की तुमच्या चुका किती होतात? अध्यक्ष म्हणाले, जवळजवळ होतच नाहीत. दोन महिन्यांत एखादी होत असेल. आपल्याकडचा माणूस असेच उत्तर देणार. पाऊस कसा आहे विचारले तर तो 'बरा आहे' म्हणतो, इंच सांगत नाही. पण लेखकाला इंचच हवे होते. त्याने रोजचे डबे आणि कामाचे दिवस यांचा गुणाकार केला आणि ऐंशी लाखांत एक चूक असा हिशोब मांडला. पुढे तोंडातोंडी ऐंशीचे साठ झाले, आणि त्याला 'सिक्स सिग्मा' हे बिरुद येऊन चिकटले. ही सिक्स सिग्मा म्हणजे १९८६ च्या सुमारास मोटोरोला कंपनीने काढलेली दर्जाची पद्धत. तिच्या प्रचलित हिशोबात दहा लाख संधींत चुका होऊ द्यायच्या त्या फक्त ३.४. लेखाचे मुख्य लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्वतःच खुलासा केला, की तो शब्द आपण वापरलाच नव्हता आणि 'फोर्ब्स'ने असले प्रमाणपत्र कुणाला दिले नव्हते. पण खुलाशाला विचारतो कोण? बिरुद तोवर दिवाणखान्यांतून रूढ झाले होते.

मला विचाराल तर 'दोन महिन्यांत एखादी' हेच उत्तर अधिक भरवशाचे वाटते. ती एखादी चूक कुठल्या स्टेशनात झाली, कुणाच्या हातून झाली आणि त्या दिवशी कोण गृहस्थ उपाशी राहिला, हे त्या अध्यक्षांना तोंडपाठ असणार.

नंतर विद्वान मंडळी आली. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टेफान थॉमके यांनी २०१० साली डबेवाल्यांवर एक 'केस स्टडी' लिहिली. ती मन लावून लिहिलेली आहे. माणसे कशी भरती होतात, गट कसे चालतात, खुणा कशा रंगवतात, सारे त्यात आहे. पण अशा सगळ्याच अभ्यासांची एक गंमत आहे. त्यांत गोष्ट सुरू होते तेव्हा डबा दाराशी उभा असतो. भरलेला, झाकण लावलेला, गरम. तो तिथवर आला कसा?

लग्न होऊन मी पार्ल्याला आले, तेव्हा घरात दोन वातीचे स्टोव्ह होते आणि सासूबाईंचा स्वभाव कडक होता. डबेवाले मामा पावणेनऊला येत. दार ठोठावत नसत, कडी दोनदा वाजवीत. पहिल्याच आठवड्यात एकदा पोळ्या व्हायच्या होत्या म्हणून मी म्हटले, "मामा, पाच मिनिटं थांबता का?" मामा अगदी सौम्यपणे म्हणाले, "मी थांबीन वहिनी. गाडी थांबायची नाही." एवढे बोलून ते जिना उतरू लागले. त्या दिवशी ह्यांनी हॉटेलात उसळपाव खाल्ला आणि मी घरात बोलणी खाल्ली. पुढली चौतीस वर्षे माझ्या कणकेचे, माझ्या फोडणीचे, मुलांच्या आंघोळीचे वेळापत्रक चर्चगेटच्या गाडीला बांधलेले होते. अशी लाख-दोन लाख स्वयंपाकघरे रोज सकाळी पावणेनऊ-नऊला सुटत होती, म्हणून पुढची साखळी चालत होती. ह्या वक्तशीरपणाला कुणी सिग्मा लावलेला माझ्या वाचनात नाही. असो. हे सांगायला बसले नव्हते. पण ओघात आलेच आहे तर राहू द्या.

डब्याच्या झाकणावरची खूण मात्र पाहण्यासारखी. मधोमध मोठा आकडा, तो डबा उतरायच्या भागाचा. कडेला लहान अक्षरांत वाटणाऱ्या माणसाचा आकडा, इमारतीची अक्षरे आणि मजला. आणि ज्या स्टेशनातून डबा चढला त्याची रंगीत निशाणी. खाणाऱ्याचे नाव नाही. आणि नवलाची गोष्ट म्हणजे आमच्या घराचा पत्ता तर कुठेच नाही! मी एकदा मामांना विचारले, "रिकामा डबा परत येताना कळतं कसं कुणाचा ते?" मामांना प्रश्नच कळेना. मग हसून म्हणाले, "घर काय लिहून ठेवायचं असतं व्हय, वहिनी?"

पुढे वर्गात 'सांस्कृतिक अनुकूलन' हे प्रकरण शिकवताना मला हे वाक्य हमखास आठवे. पुस्तकातल्या त्या प्रकरणात काय असते? तर परक्या देशातली बडी कंपनी दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या रीतिरिवाजांशी कशी जुळवून घेते. अमेरिकेचे मॅकडॉनल्ड १९९६ साली आपल्याकडे आले आणि गोमांसावाचून दुकान कसे चालवू लागले, ह्यावर दोन-दोन पाने असत. जुळवून घेणारा नेहमी कोट घातलेला आणि विमानाने आलेला. पण धोतर नेसून आणि घाट उतरून आलेल्या माणसाने काय केले?

महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली शंभरएक माणसांनिशी हे काम सुरू केले असे सांगतात. माणसे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी ह्या भागांतली. शेती थोडी, पाऊस लहरी. त्यांनी मुंबईला येताना भांडवल आणले नाही. गाव मात्र सगळेच्या सगळे उचलून आणले. पंधरा-वीस जणांचा गट, त्यावर एक मुकादम. मुकादम म्हणजे साहेब नव्हे. त्यानेही पाटी उचलायची. गटाची कमाई खर्च वजा जाता सारखी वाटून घ्यायची. कुणी आजारी पडला तर लाइन बंद पडू नये म्हणून एक-दोन माणसे जादा ठेवायची. नवा माणूस घ्यायचा तो भावकीतला, नात्यातला, निदान पंचक्रोशीतला. म्हणजे त्याने काही गैर केले तर गावात त्याच्या बापाला जाब विचारता येतो. एप्रिलमध्ये गावोगावच्या यात्रा आल्या, की पाच-सहा दिवस काम बंद. साहेब असो नाही तर शेठ असो, त्या दिवसांत त्याने आपले आपण बघावे! मुंबईच्या घड्याळात गावचे पंचांग त्यांनी असे बसवून टाकले. लोकल स्टेशनात थांबते वीस ते चाळीस सेकंद. तेवढ्यात पाट्या उतरायच्या आणि चढायच्या. ही बुद्धी कुठल्या वर्गात शिकवतात?

आता ह्या भावकीचे सगळेच गोडवे गावेत असे मला वाटत नाही. हेच आमच्या ह्यांच्या कचेरीत घडले असते तर आपण त्याला वशिला म्हटले असते. ज्याचा काका-मामा ह्या धंद्यात नाही त्याला हे दार जवळजवळ बंदच, आणि बायकांना तर फारच. आणखी एक. हा धंदा वाढला तो आपल्या सोवळ्या-ओवळ्यावर. गुजराती, पारशी, बोहरी, सारस्वत, देशस्थ अशी माणसे एका कचेरीत शेजारी शेजारी बसू लागली, पण जेवायला प्रत्येकाला आपल्याच घरचे हवे. सुरमई आणि मुगाची खिचडी एकाच पाटीवर खांद्याला खांदा लावून चर्चगेटला जात होत्या, आणि तिथे पोहोचल्यावर जो तो आपापल्या डब्यापुरता आपल्या स्वयंपाकघरात परत जात होता. ह्याला सोय म्हणा, नाही तर अंतर म्हणा. पुस्तकवाल्यांनी ह्याचे नाव 'ग्राहकाची आवड' असे ठेवले आहे.

मला खरे सांगायचे आहे ते २०११ सालच्या संध्याकाळच्या वर्गाविषयी.

डबेवाल्यांवरचा धडा तोवर आमच्या नेमलेल्या पाठ्यपुस्तकातही आला होता. मी पडद्यावर चित्रे दाखवली आणि विचारले, "तुम्ही सल्लागार असता तर ह्या लोकांना काय सुचवले असते?" मुले हुशार होती. एक म्हणाला, डब्यांवर जाहिराती लावा. दुसरी म्हणाली, पट्ट्यापट्ट्यांचे बारकोड लावा, रंगवायला नकोत. तिसऱ्याने त्यांना मोबाइल वापरायला शिकवायचा वर्ग काढायचे ठरवले. सगळ्यात मागच्या बाकावर एक मुलगा होता, सहसा न बोलणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझे वडील अंधेरीहून डबे नेतात."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत तो खाली बघत उभा राहिला.

मग मराठीतच म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय, त्यांना काम आवडतं म्हणून चुका होत नाहीत. आवडतं का, ते मी बाबांना कधी विचारलं नाही. पण लाइन घेताना त्यांनी चुलत्याकडून पैसे उचलले होते. चूक झाली की गिऱ्हाईक तुटतं. गिऱ्हाईक तुटलं की तेवढा हप्ता अंगावर येतो. म्हणून होत नाहीत." थोडा थांबून त्याने आणखी सांगितले, "पाटी डोक्यावर घेऊन त्यांची मान धरलीय. मागून हाक मारली तर त्यांना वळता येत नाही. घरात आम्ही पुढं जाऊन उभं राहतो आणि मग बोलतो."

वर्गात कुणी हालले नाही. बारकोडवाली मुलगी वहीत काही तरी लिहू लागली. तास संपल्यावर तो मुलगा माझ्या टेबलाशी आला. त्याचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. "मॅडम, परीक्षेत हा धडा आला तर उत्तर पुस्तकातलं लिहायचं की घरातलं?"

मी म्हटले, "पुस्तकातले आधी लिही. मग एक रेघ ओढ आणि घरातले लिही."

प्रश्न आला. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. रेघेच्या वर सिक्स सिग्मा, खाली लाइनीचा भाव, हप्ता आणि मान. मी दहापैकी आठ गुण दिले. माझ्यानंतर पेपर पाहणारे जे तज्ज्ञ गृहस्थ होते त्यांनी रेघेखालच्या मजकुरावर तांबडी फुली मारली, समासात 'विषयांतर' असे लिहिले आणि आठाचे पाच केले. मी त्यांच्याशी भांडायला गेले. माणूस सज्जन होता, चहा मागवला, आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, मुलाची भावना मी समजू शकतो. पण हा काही डेटा नाही."

मी चहा पिऊन उठले. 'दोन महिन्यांत एखादी' एवढे चार शब्द एका परदेशी नियतकालिकाच्या हाती पडले, तर त्याचा डेटा झाला आणि जगभर फिरला. मुलाने स्वतःच्या घरातला कर्जाचा हप्ता आकड्यानिशी लिहिला, तो विषयांतर ठरला. ते पाच गुण अखेर पाचच राहिले.

त्याच साली, १९ ऑगस्टला, अण्णा हजारे यांच्या उपोषणाला पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी एक दिवस काम थांबवले. एकशेवीस वर्षांतला हा त्यांचा पहिलाच संप, असे वर्तमानपत्रांत आले. आमच्या पाठ्यपुस्तकात 'हे लोक कधीच संप करत नाहीत' असे ठळक अक्षरांत होते. एकशेवीस वर्षांनी केला तोही देशासाठी. स्वतःच्या दरासाठी नव्हे. आणि दराची गोष्ट काय होती ते मला आमच्या इमारतीतच पाहायला मिळे. महिन्याला पन्नास रुपये वाढवायचे म्हटले, की ज्या गॅलरीत परदेशी पाहुण्याला ती साठ लाखांची कथा ऐकवली जाई, त्याच गॅलरीत कुरकुर सुरू होई. "अहो, चार स्टेशनं तर आहेत!" पार्ले ते चर्चगेट चार स्टेशनांवर कधी आले, देव जाणे. मामा वाद घालत नसत. टोपी काढून कपाळ पुसत आणि म्हणत, "बघा, वहिनी." त्या 'बघा'चा दर पन्नासावरून तिसावर यायला दोन दिवस पुरत.

कौतुकात मात्र आपण कधी घासाघीस केली नाही. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटून गेले. २००५ साली त्यांच्या लग्नाला इथून दोघे जण विलायतेला जाऊन आले. मुंबईच्या डबेवाल्यांनी नवरीला नऊवारी लुगडे आणि नवरदेवाला फेटा असा रीतसर आहेर केला. मोठमोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांची व्याख्याने होऊ लागली. आमच्याही कॉलेजाने बोलवायचे ठरवले, तेव्हा मी मामांना विचारले. ते म्हणाले, "किती वाजता?" मी म्हटले, "अकराला." "अकराला मी लगेजच्या डब्यात असतो," मामा म्हणाले, आणि विषय संपला. जो गृहस्थ अखेर व्याख्यानाला आला त्याला शाल, श्रीफळ आणि आमच्या कॉलेजाचे नाव कोरलेले एक घड्याळ देण्यात आले. डबेवाल्याला घड्याळ!

मार्च २०२० मध्ये ते सारे एका आठवड्यात थांबले. तोवर सुमारे ५,००० माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे नेत होती. लोकल बंद, कचेऱ्या बंद. त्या वर्षी ऑक्टोबरात डबेवाल्यांना लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली, पण डबा न्यायचा कुणाला? साहेब स्वतःच्याच घरी टेबलाशी बसून काम करीत होते आणि स्वयंपाकघर हाकेवर होते. पुष्कळ जण गावी गेले ते गेलेच. पूर्वीची संख्या पुन्हा भरून आली नाही. पांढऱ्या टोप्या आजही स्टेशनावर दिसतात, पण पूर्वी त्यांना वाट देण्यासाठी आपण बाजूला होत होतो, आता त्यांना शोधावे लागते. आमच्या मामांनी आपली लाइन आधीच पुतण्याच्या हवाली केली होती. तो पुतण्या आता चाकणच्या एका कारखान्यात रखवालीच्या कामावर आहे. बारा तासांची पाळी, पण मान शाबूत, असे तो म्हणतो.

आणि तो मागच्या बाकावरचा मुलगा? मागल्या वर्षी तो मला भेटायला आला होता. पस्तिशीच्या जवळ आला आहे, डोक्यावरचे केस विरळ झाले आहेत. वडील आंबेगावला असतात, भात लावतात. हा घरपोच माल पोहोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत अधिकारी आहे. पाठीवर पेटी अडकवून मोटारसायकलींवरून धावणारी मुले आपण रस्तोरस्ती पाहतो, त्यांच्या वेळेचा हिशोब ठरवायचे काम त्याच्याकडे. कुठल्या रस्त्याला किती मिनिटे, दारावर थांबायला किती, जिन्याला किती, हे सारे तो यंत्रात भरतो आणि त्यावर त्या मुलांची कमाई ठरते. मी त्याला पोहे दिले. तो खाता खाता आपल्या कामाविषयी उत्साहाने सांगत होता. व्यवस्थापनातले सगळे मोठे शब्द आता त्याच्या तोंडी सफाईने येतात; पाच गुणांचा मुलगा म्हणून कुणी त्याला ओळखणार नाही.

मी विचारले, "एका मजल्याला किती धरतोस रे?"

"वरून एक मिनिट सांगितलंय," तो म्हणाला. मग बशी खाली ठेवून हळूच म्हणाला, "मी दीड भरतो, मॅडम. लिफ्ट बंद असते कधी कधी."